डाळिंबी की विटकरी

मी सांगलीला राहते आणि घरूनच साड्या विकते. इरकल, खणाच्या साड्या, कुणी सांगितलंच तर येवल्याहून पैठणी मागवून देते. दुकान वगैरे काही नाही, हॉलमधल्या दिवाणावर साडी पसरायची, मोबाईलवर फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा, झालं दुकान.

तर 2024 मध्ये साताऱ्याच्या एका काकूंनी एक इरकल घेतली. फोटो बघून त्यांचा लगेच व्हॉइस मेसेज, "ती डाळिंबी रंगाची ठेव गं माझ्यासाठी." मी गडबडीत होते, हो काकू म्हटलं आणि पार्सल केलं. चार दिवसांनी फोन. "अगं ही डाळिंबी कुठंय, ही तर विटकरी आहे!" मी म्हटलं काकू विटकरीच आहे ती, फोटोखाली लिहिलं पण होतं मी. तर म्हणाल्या, "लिहिलेलं कोण वाचतंय, मी फोटो बघून घेतली." साडी परत आल्यावर मी मोबाईल साडीशेजारी धरून बघितला तर खरंच, फोटोत चक्क डाळिंबी, निळसर झाक असलेला लाल, आणि दिवाणावर वीट. जाण्यायेण्याचं कुरियर माझ्या अंगावर पडलं ते वेगळंच, पण त्याहून वाईट म्हणजे मी पंधरा दिवस रोज तो फोटो बघत होते आणि मला ते दिसलंच नव्हतं, कारण साडी माहीत असली की डोळे आपोआप खरा रंग भरून घेतात.

मग ठरवलं की फोटो एडिटिंग शिकायचं. एमएस-सीआयटी झालेली आहे, लॅपटॉप आहे, मुलगी दहावीला आहे म्हणजे संध्याकाळी टीव्ही तसाही बंदच, शिकू की. मला वाटलं महिन्याभराचं काम असेल. सहा महिने गेले आणि त्यातले पहिले तीन तर नुसते कुठून शिकायचं हे शोधण्यातच गेले, म्हणून हे सगळं लिहितेय.

पहिल्यांदा एक क्लास लावला. नाव नाही घेत, सर तसे चांगले होते, शिव्या द्यायचं कारण नाही. पण तिथं फोटोशॉप शिकवायचे ते फ्लेक्ससाठी. दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, वरती नेत्यांचे गोल फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, मधे दादा, मागं आग किंवा सिंह. माणूस कापून दुसऱ्या बॅकग्राऊंडवर कसा चिकटवायचा हे मी तीन आठवड्यात इतकं पक्कं शिकले की आमच्या ह्यांना मी हिमालयात उभं केलं. सरांना विचारलं, साडीचा रंग जसाच्या तसा कसा आणायचा? तर ते म्हणाले, "ह्यू सॅच्युरेशन घ्या, आणि डोळ्याला बरा वाटेपर्यंत फिरवा." घरी येऊन फिरवला. साडी विटकरी झाली, आणि दिवाण हिरवा.

नंतर ह्यांचा एक मित्र घरी आला, म्हणाला वहिनी मी टाकून देतो फुकटातलं फोटोशॉप. टाकून दिलं. दोन दिवसांनी लॅपटॉपवर काय काय खिडक्या आपोआप उघडायला लागल्या की मुलीचे प्रोजेक्ट वाचवून सगळं फॉरमॅट मारावं लागलं. चूक माझीच. महिन्याला पैसे भरून घ्यायचं तर माझ्या धंद्याला परवडत नव्हतं, मग शोधता शोधता गिम्प नावाचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर मिळालं. हे खरोखरच फुकट आहे, चोरीचं नाही, 1995 मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहायला घेतलेलं आणि तेव्हापासून जगभरातले लोक मिळून चालवतात.

आता व्हिडिओंचा मोसम. मी शोधायचे काय तर "फोटो एडिटिंग फुल कोर्स", "गिम्प कसे शिकावे", "फोटो एडिटिंग मराठी". अकरा अकरा तासांचे व्हिडिओ. पहिल्या तासात माणूस टूलबॉक्समधलं एकेक टूल ओळीनं सांगणार, हे रेक्टँगल सिलेक्ट, हे इलिप्स सिलेक्ट, हे फ्री सिलेक्ट, म्हणजे स्वयंपाक शिकायला गेलं आणि बाईनं पहिला महिनाभर नुसती भांडी ओळखायला लावली तसं. आणि वर माझ्या टूलबॉक्सचा आणि त्यांच्या टूलबॉक्सचा मेळच नाही. त्यांच्याकडं रंगीबेरंगी आयकॉन, माझ्याकडं सगळं काळं-राखाडी, त्यांच्याकडं तीस-चाळीस चौकोन, माझ्याकडं जेमतेम डझन-दीड डझन. मला वाटलं माझं इन्स्टॉलच अर्धवट झालंय! दोनदा काढून परत टाकलं. नंतर कळलं की 2018 ला 2.10 व्हर्जन आलं तेव्हा रंग गडद झाला आणि आयकॉन राखाडी झाले, आणि 2020 मध्ये टूल एकाखाली एक गटात ठेवले, एकावर दाबून धरलं की बाकीचे बाहेर येतात. मी बघत होते तो व्हिडिओ त्याच्याही आधीचा. तेव्हापासून कुठलाही व्हिडिओ उघडला की आधी तारीख बघते. दुधाच्या पिशवीवर बघतो ना, तशी.

याच काळातली अजून एक फजिती सांगते. एक फोटो मनासारखा झाला, कंट्रोल एस मारला, व्हॉट्सॲपवर एका ताईंना पाठवला. त्यांचा मेसेज आला, "हे काय उघडतच नाहीये, व्हायरस आहे का?" फाईलच्या शेवटी एक्ससीएफ. म्हणजे गिम्पमध्ये सेव्ह म्हटलं की तो आपल्यापुरती कच्ची फाईल ठेवतो, लेअरसकट म्हणजे एकावर एक चढवलेल्या थरांसकट, आणि लोकांना पाठवायची जेपीजी पाहिजे तर एक्सपोर्ट म्हणायचं. हे 2012 पासून असंच आहे म्हणे. अकरा तासांच्या व्हिडिओत हे सातव्या तासाला होतं.

एक पैसे भरून घ्यायचा कोर्स पण घेतला, 499 रुपये, ऑफर आज रात्री बारापर्यंत. ती ऑफर अजून चालू आहे. त्यातला माणूस हिंदीत छान बोलायचा पण प्रत्येक स्लायडरला म्हणायचा "इसको अपने हिसाब से सेट कर लेना." अरे बाबा, हिसाब शिकायलाच तर आलेय मी! आणि त्याचे सगळे फोटो आधीच सुंदर, डोंगरावरचा सूर्यास्त, कॅफेतली मुलगी. सुंदर फोटो अजून सुंदर करणं आणि बिघडलेला फोटो खरा करणं ही दोन वेगळी कामं आहेत हे मला तिथं पहिल्यांदा लक्षात आलं, पण त्या दुसऱ्या कामाला म्हणतात काय हेच माहीत नव्हतं, त्यामुळं शोधायचं तरी काय?

तो शब्द मिळाला तो आमच्या जवळच्या स्टुडिओवाल्या काकांकडून. मुलीच्या बोर्डाच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो काढायला गेलो होतो. ते सहासष्ट-सदुसष्टचे असतील, रोलच्या जमान्यापासून लग्नं केलेला माणूस. फोटो कट होईपर्यंत मी आपलं रडगाणं गायलं, मोबाईलमधला तो डाळिंबी-विटकरी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ताई, यात पांढरं काय आहे?"

मी म्हटलं काहीच नाही, साडीच आहे सगळी.

"तेच तर. कॅमेऱ्याला थोडीच माहीत ही साडी आहे म्हणून? तो धरून चालतो की सगळं चित्र मिळून सरासरी राखाडी यायला पाहिजे. तुम्ही इथून तिथवर लालच पसरलंय. त्याला वाटलं लाइटच तांबडा आहे, मग त्यानं लाल मारला आणि निळं घातलं. कास्ट आलाय हा. व्हाइट बॅलन्स गंडलाय." मग खालच्या ड्रॉवरमधून त्यांनी एक राखाडी पुठ्ठा काढला, कोपरे झिजलेले, पाठीमागं कुठल्याशा लग्नाचा हिशोब लिहिलेला. ग्रे कार्ड. "घेऊन जा, मला आता लागत नाही. साडीच्या कडेला ठेवा, फोटो काढा, नंतर कापून टाका." पैसे घेतले ते फक्त पासपोर्ट फोटोचे.

कास्ट. व्हाइट बॅलन्स. एवढे दोन शब्द. कास्ट म्हणजे सगळ्या फोटोवर चढलेली चुकीची झाक, आणि व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून बसवलेला रंगांचा तोल. त्या रात्री मी "गिम्प फुल कोर्स" ऐवजी "गिम्प कलर कास्ट कसा काढायचा" असं टाकलं आणि जे समोर आलं ते आधीच्या तीन महिन्यात एकदाही आलं नव्हतं. सहा मिनिटांचे, आठ मिनिटांचे व्हिडिओ, बिघडलेले फोटो घेऊन बसलेले लोक. कुणाचा घरातला पिवळा फोटो, कुणाचा पाण्याखालचा हिरवा, एक बाई तर रंगवलेल्या लोकरीचे फोटो काढणारी, तिचं दुखणं आणि माझं दुखणं तंतोतंत एक.

आणि सगळ्यात कामाचं निघालं ते गिम्पचं स्वतःचं मॅन्युअल. मला मॅन्युअल म्हणजे मिक्सरबरोबर येतं ते पातळ पुस्तक वाटायचं, जे थेट रद्दीत जातं. पण हे ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि प्रत्येक कमांड नेमकं करते काय हे त्यात लिहिलंय. माझा एक जुना राग होता, कलर्स मेनूत ऑटो आणि त्यात व्हाइट बॅलन्स असं बटण आहे, ते दाबलं की माझी साडी जांभळट राखेसारखी व्हायची. मॅन्युअलमध्ये चार ओळीत उत्तर होतं. ते बटण लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल वेगवेगळे घेतं, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांचे 0.05 टक्के पिक्सेल सोडून देतं आणि उरलेलं ताणून टोकापर्यंत नेतं. आता माझ्या फोटोत सगळी लाल साडी, निळा जेमतेम. तो जेमतेम निळा पण ताणून टोकाला नेला तर काय होणार? जांभळी राख होणार. बटणात दोष नव्हता, ज्या फोटोत काळं-पांढरं-रंगीत सगळं थोडं थोडं असतं त्याच्यासाठी ते आहे. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एकटीच हसत होते, मुलगी अभ्यासातून उठून बघायला आली काय झालं म्हणून.

मग करायचं काय, तर कलर्स मेनूतलं लेव्हल्स उघडायचं, त्यात रंग उचलायचे तीन ड्रॉपर असतात, मधला राखाडीचा, तो घेऊन कार्डावर टिचकी मारायची. बस. साडी विटकरी झाली आणि दिवाण दिवाणाच्याच रंगाचा राहिला. खरंच सांगते, अंगावर काटा आला. एकदा कार्डाऐवजी मी कॉपीचा पांढरा कागद ठेवून पण बघितला होता, पण कागद कागदात फरक असतो, काही कागदांना पांढरेशुभ्र दिसायला काहीतरी चोपडलेलं असतं, ते उन्हात निळसर मारतात, मग त्यावर टिचकी मारली की साडी पिवळी पडते. कार्डच बरं.

इंग्रजी वाचून वाचून डोकं बधिर झालं की मी मराठीत काही आहे का बघायचे. तेव्हा आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये गिम्पचे धडे सापडले, मराठी आवाजात, फुकट. गंमत म्हणजे ते मूळचे जर्मनीचे, ब्रेमेनमधल्या एका माणसाने केलेले. त्याचेच व्हिडिओ घेऊन मराठीत आवाज दिलाय, त्यामुळं मराठी बाई सांगतात आणि समोर ब्रेमेनचं ढगाळ आकाश. भाषा जरा छापील आहे आणि व्हर्जन फार जुनं, बटणं जागेवर सापडत नाहीत. पण कर्व्ह म्हणजे काय, ती तिरकी रेघ मधे धरून वर ओढली की नक्की काय होतं, हे मला त्या धड्यात कळलं, कारण तो माणूस घाई करत नाही. चुकतो, परत येतो, हे नको म्हणतो, दुसरं करून बघतो. मला असे लोक आवडायला लागले. जो पहिल्याच फटक्यात बरोबर आकडा टाकतो त्याच्याकडून शिकताच येत नाही, त्याला तो आकडा कुठून मिळाला हे तो सांगतच नाही ना.

हे सगळं जमतंय असं वाटायला लागलं आणि मग ती रात्र. संक्रांतीच्या आधी बावीस काळ्या साड्यांचा लॉट आला होता, काळ्या म्हणजे काठ वेगवेगळे, लाल, मोरपंखी, राणी, हळदी. रात्री बारापर्यंत बसून बावीस फोटो केले. जरा सगळे पिवळट वाटत होते म्हणून प्रत्येकाला थोडं थोडं निळं घालत गेले. कार्डावर टिचकी मारूनही पिवळट! मला वाटलं कार्ड जुनं झालं असेल. सकाळी मोबाईलवर बघितलं तर बावीसच्या बावीस साड्या निळ्या, जशा काही रॉकेलच्या स्टोव्हच्या उजेडात काढल्यात. अर्धा तास कळेना. मग मुलगी म्हणाली, "आई, तू नाइट लाइट चालू ठेवून बसली होतीस का?" डोळ्यांना त्रास नको म्हणून तिनंच विंडोजमध्ये ते लावून दिलेलं, संध्याकाळी सात वाजता आपोआप स्क्रीन पिवळी होते. म्हणजे पिवळी माझी स्क्रीन होती, साड्या ठीक होत्या. हे मला अजून एकाही धड्यात भेटलेलं नाही बरं का. मोबाईलमध्ये पण तेच बघायचं, आय कम्फर्ट काय असेल ते बंद.

नशिबानं एक्ससीएफ फायली ठेवल्या होत्या. जिच्यावर एवढी चिडले होते तीच कच्ची फाईल कामाला आली, वरचा निळा लेअर उडवला, परत एक्सपोर्ट, दोन तासात बावीस साड्या.

त्यानंतर मी शिकायची पद्धतच बदलली. मुलीची अर्धी वापरलेली वही घेतली, डावीकडं माझ्या भाषेत दुखणं लिहायचं आणि उजवीकडं त्याला त्या दुनियेत काय म्हणतात ते, आणि उजवीकडचं सापडेपर्यंत काहीही बघायचं नाही. उदाहरणार्थ डावीकडं लिहिलंय "राणी कलरचा पदर नुसता ठोकळा दिसतोय, विणच दिसत नाही." याचं नाव शोधायला आठ दिवस गेले. ते होतं चॅनल क्लिपिंग. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-फिकट किती आहे त्याचा आलेख, उघडून नुसता लाल चॅनल बघितला तर सगळा ढीग उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला, म्हणजे लाल एवढा भरलाय की त्याच्यापुढं जागाच नाही, सगळे धागे एकाच आकड्यावर. आणि हे नंतर एडिटिंगमध्ये दुरुस्त होत नाही, जे नोंदलंच नाही ते आणणार कुठून. फोटो काढतानाच मोबाईलवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढायचा, मग नंतर वर आणता येतो. इतके दिवस मी सॉफ्टवेअरमध्ये उत्तर शोधत होते आणि उत्तर खिडकीत होतं.

धूपछावचं पण तसंच. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, हलवली की रंग बदलतो, आता याचा एक खरा रंग कुठला म्हणून सांगायचा? हे कुणी शिकवू शकणार नाही, दोन बाजूनं दोन फोटो आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ टाकते, विषय संपला.

चिंतामणी मात्र अजून छळतो. तो गडद निळा-हिरवा ज्याला बायका लांबून ओळखतात, तो स्क्रीनवर येतच नाही, एक तर निळा होतो नाही तर रामा ग्रीन. त्याचं नाव शोधलं तर गॅमट हा शब्द निघाला. साध्या फोटोंचं जे रंगांचं कुंपण असतं, एसआरजीबी म्हणतात, त्याच्या बाहेर काही रंग पडतात, विशेषतः असे भडक निळे-हिरवे. बहिणीच्या आयफोनवरून काढून बघितला, तर गिम्प उघडताना विचारतो की यात रंगांचं वेगळं प्रोफाइल आहे, बदलू की ठेवू. ठेवलं तर माझ्याकडं बरा दिसतो आणि कुणाच्या जुन्या मोबाईलवर कसा दिसेल सांगता येत नाही, बदललं तर सगळ्यांकडं सारखाच थोडा मेलेला दिसतो. मी बदलते. सगळ्यांना सारखा चुकीचा दिसला तर निदान खाली एकच ओळ लिहून भागतं, "प्रत्यक्षात याहून गडद आहे."

बाकी कुणी विचारलं तर थोडं सांगते. क्लासमध्ये फोटोशॉप शिकलेलं वाया घालवायचं नसेल तर फोटोपी बघा, ब्राउझरमध्येच उघडतं, मेनू जवळपास फोटोशॉपसारखेच, त्यामुळं फोटोशॉपचे धडे तिथं चालतात. नुसता मोबाईलच असेल तर स्नॅपसीडमध्ये पण व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर आहे, माझ्या दोन मैत्रिणींचं तेवढ्यावर भागतं. डार्कटेबल पण उघडून बघितलं होतं, रॉ म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फोटोंसाठी लोक फार नावाजतात, मी उघडलं आणि हळूच बंद केलं. मार्च 2025 ला गिम्प 3 आलं, त्यात रंगाचा बदल लेअरवर तसाच राहतो, नंतर परत उघडून कमी-जास्त करता येतो, म्हणजे त्या बावीस साड्यांच्या रात्री हे असतं तर काम अजून सोपं झालं असतं. पण बटणं परत इकडची तिकडं झाली आणि जुने व्हिडिओ अजून जुने झाले. तारीख बघा म्हटलं ना.

गेल्या आठवड्यात त्याच साताऱ्याच्या काकूंनी परत एक साडी घेतली, पोचल्यावर फोन आला. मी श्वास रोखून. म्हणाल्या, "रंग अगदी फोटोतल्यासारखा आहे गं. पण काठाची जर? फोटोत जर सोनेरी दिसत होती, इथं जरा तांबूस आहे."

वहीत डावीकडं लिहून ठेवलंय. उजवीकडचं शोधतेय.